आमच्या घरचा मुतखडा पाण्यामुळे नव्हता : एमईएन-१ आणि मानेतल्या चार ग्रंथी

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. चाळीसगाव तालुक्यातील आमच्या घराण्यात मुतखडा होणे ही कधीच नवलाची गोष्ट मानली गेली नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, माणसे दिवसभर शेतात घाम गाळतात आणि विहिरीचे पाणी जड आहे, तेव्हा खडा होणारच, असे आजोबांपासून सर्वांनी धरून ठेवले होते. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, खडा झाला तेव्हा पानफुटीची पाने चघळून आणि कुळथाचे कढण पिऊन भागवले गेले. आत्याला झाला तेव्हाही तेच झाले.

माझ्या धाकट्या भावाला वयाच्या ३४व्या वर्षापर्यंत तीन वेळा खडे झाले. तिसऱ्या वेळी ते दोन्ही मूत्रपिंडांत होते. धुळ्याला ज्या तरुण डॉक्टरांनी त्याला तपासले त्यांनी खड्याचा आकार विचारण्याआधी रक्तातील कॅल्शियम तपासायला लावले. ते ११.६, म्हणजे वाढलेले निघाले. मग त्यांनी पॅराथायरॉइड संप्रेरकाची (हार्मोनची) तपासणी केली, तीही वाढलेली, १४२ आली, आणि त्यानंतर एक प्रश्न विचारला ज्याचा खड्याशी काही संबंध असेल असे आम्हाला वाटले नव्हते : "तुमच्या वडिलांना पोटाचा अल्सर होता का?"

होता. आबांचे अल्सरसाठी एकदा ऑपरेशन झाले होते, दोन वर्षांनी तो पुन्हा फुटला आणि ५१व्या वर्षी ते गेले. आबांना ठेच्याशिवाय आणि शेवभाजीच्या तर्रीशिवाय जेवण जात नसे, त्यामुळे गावाने आणि आम्हीही तिखटाला दोष दिला. खड्याला पाणी आणि अल्सरला मिरची, अशी दोन्ही उत्तरे आमच्याकडे आधीपासून तयार होती, म्हणून तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आता भावाच्या जनुकीय तपासणीत 'मल्टिपल एंडोक्राइन निओप्लासिया प्रकार १' (एमईएन-१) या, संप्रेरके सोडणाऱ्या ग्रंथींत गाठी होण्याच्या वंशपरंपरागत आजाराचे निदान झाले आहे. मानेच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूची खालची एकच परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी मोठी दिसते. एका रुग्णालयात आम्हाला सांगण्यात आले की लहानसा छेद घेऊन तेवढी एकच ग्रंथी काढू, दुसऱ्या दिवशी घरी जाता येईल. मला याबाबत शंका आहे. येथे कोणाच्या घरी हा आजार आहे का, आणि जाणकारांचे मत काय आहे, हे कृपया कळवावे.

कपाशीवाला

गिरणाकाठ भाऊ, आबांबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही एक विचारतो, राग मानू नका. आमच्या पारोळ्याकडे दर तिसऱ्या घरी खडा आहे. त्या सगळ्यांच्या मानेत गाठी आहेत का? पाणी बदलले, आरओ बसवला की खडे कमी होतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुर्मीळ आजाराचे नाव वाचून उद्या प्रत्येक जण महागड्या तपासण्यांमागे लागेल, अशी मला भीती वाटते.

तापीतीर

मी जळगाव जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो. रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता उपचार सांगणे योग्य नाही, परंतु या आजाराची रीत समजावून सांगता येईल.

प्रथम कपाशीवाला यांच्या मुद्द्याविषयी. आपल्या भागातील बहुतेक खडे उन्हामुळेच होतात, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्याचे कारण पाण्याच्या जडपणापेक्षा पाणी कमी पिण्यात आहे. घामावाटे पाणी जाते, लघवी घट्ट होते आणि क्षार साचतात. आरओ बसवल्यावर माणसे आवडीने जास्त पाणी पितात, त्याचाही फायदा होत असावा. याच संदर्भात आणखी एक सांगतो, कारण रोज दवाखान्यात हे पाहतो : खडा झाला म्हणून दूध-दही बंद करू नका. आहारातील कॅल्शियम फार कमी केले की आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषले जाते आणि खडे उलट वाढू शकतात.

परंतु 'बहुतेक' म्हणजे 'सर्व' नव्हे. ज्याला वारंवार खडे होतात, दोन्ही बाजूंना होतात, कमी वयात होतात किंवा ज्याच्या घरात अनेकांना आहेत, त्याच्या रक्तातील कॅल्शियम एकदा तरी पाहिलेच पाहिजे. ही तपासणी महाग नाही आणि कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी होते. महागड्या तपासण्या त्यानंतरच्या आहेत, आणि कॅल्शियम वाढलेले असेल तरच त्यांची गरज पडते.

आता ग्रंथींविषयी. मानेत अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या मागे चार परावटू ग्रंथी असतात. प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढी, वजनाला ३० ते ५० मिलिग्रॅम. इतक्या लहान की शरीररचनेच्या अभ्यासकांनाही त्या फार उशिरा सापडल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड ओवेन यांना लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना ही ग्रंथी प्रथम दिसली, आणि माणसातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इवार सांडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले. रक्तातील कॅल्शियम ठरावीक पातळीवर राखणे हे यांचे काम. त्यांनी संप्रेरक जास्त सोडले की हाडांतून कॅल्शियम निघून रक्तात येते, तेथून ते लघवीत उतरते आणि मूत्रपिंडात साचते. म्हणजे खडा मूत्रपिंडात दिसतो, पण त्याचा कच्चा माल हाडांतून आलेला असतो.

हा दोष एरवी पन्नाशी-साठीच्या लोकांत, विशेषतः स्त्रियांत आढळतो, आणि त्यांच्यापैकी शंभरात ८०हून अधिक जणांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. एमईएन-१ मध्ये तसे नसते. हा आजार सुमारे ३०,००० लोकांमागे एकाला असतो, पन्नाशीपर्यंत त्यातील ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत परावटू ग्रंथी बिघडतात, सुरुवात अनेकदा विशी-पंचविशीत होते, आणि आज ना उद्या चारही ग्रंथी वाढतात. स्कॅनमध्ये बहुधा त्यांतील सर्वांत मोठी तेवढी ठळक दिसते, म्हणून 'एकच मोठी दिसते' याचा अर्थ 'एकच बिघडली आहे' असा या आजारात घेता येत नाही. एक काढून थांबल्यास काही वर्षांनी उरलेल्या तीन वाढतात आणि मग जुन्या व्रणाच्या चिकटलेल्या ऊतींतून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, जिथे आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका अधिक असतो. तुमची शंका रास्त आहे. अंतःस्रावी ग्रंथींच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यविशारदांचे दुसरे मत अवश्य घ्यावे.

गिरणाकाठ

डॉक्टर साहेब, मनापासून आभार. एक विचारायचे राहिले. चारही ग्रंथी एकाच वेळी का बिघडतात? आणि मानेतल्या ग्रंथीचा आबांच्या पोटातल्या अल्सरशी काय संबंध?

तापीतीर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एमईएन-१ मध्ये गाठी मुख्यतः तीन ठिकाणी होतात : परावटू ग्रंथी, मेंदूच्या तळाशी असलेली पोष (पिट्युटरी) ग्रंथी, आणि स्वादुपिंड व त्याला लागून असलेले लहान आतड्याचे पहिले वळण. न्यूयॉर्कचे डॉक्टर पॉल वर्मर यांनी १९५४ मध्ये हे एकत्रित चित्र एका कुटुंबात वर्णिले आणि ते वंशपरंपरेने येते हे दाखवले. स्वादुपिंड-आतड्याच्या भागातील काही गाठी गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक सोडतात, त्यामुळे जठरात आम्लाचा पूर येतो आणि अल्सर पुन्हा पुन्हा होतो, फुटतो, रक्तस्राव होतो. आबांना हेच होते, असे आता कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही. पण खडे आणि न जुमानणारा अल्सर एकाच माणसात दिसले तर तिखटाच्या पलीकडे पाहावे लागते. त्यात भर म्हणजे रक्तातील कॅल्शियम वाढलेले असले की गॅस्ट्रिनही अधिक स्रवते.

भावाला पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर गॅस्ट्रिनच्या तपासणीपूर्वी त्या स्वतःहून बंद करू नका. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांमुळे गॅस्ट्रिन एरवीही वाढलेले दिसते हे खरे, पण गाठ असेल आणि गोळी एकाएकी थांबवली तर रक्तस्राव होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते.

चारही ग्रंथी का, याचे उत्तर जनुकात आहे. आजाराचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचा शोध १९९७ मध्ये लागला; त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक चंद्रशेखरप्पा आहेत, हे वाचताना मला उगाच बरे वाटले होते. हे जनुक 'मेनिन' नावाचे प्रथिन बनवते आणि ते पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालते. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, शेताला दोन राखणदार असावेत तशा. एक झोपला तरी दुसरा जागा असतो. एमईएन-१च्या रुग्णात एक राखणदार जन्मापासूनच प्रत्येक पेशीत गैरहजर असतो, आणि पुढे ज्या पेशीतला दुसराही निकामी होतो तेथे गाठ धरते.

केळीबाग

डॉक्टर साहेब, आम्ही रावेरकडचे, त्यामुळे आम्हाला हे केळीवरून चटकन समजते. लागवडीनंतर एखाद्या खोडाला काही झाले तर तेवढे खोड उपटून बाग वाचते. पण टिश्यूकल्चरच्या मातृरोपातच दोष असेल तर तो रोपांच्या पूर्ण लॉटमध्ये येतो. आज एका ओळीत दिसला म्हणून तेवढी ओळ काढून निर्धास्त राहता येत नाही. बरोबर ना?

तापीतीर

अगदी बरोबर. यापुढे मी रुग्णांना हेच उदाहरण देईन.

नळी_आणि_सुई

मी अठरा वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. कॅल्शियमची तपासणी साधी आहे हे खरे, पण तिच्यात चुका होण्याच्या जागा पुष्कळ आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दंडाला पट्टा आवळून बराच वेळ शीर शोधत बसले आणि रुग्ण मूठ आवळत राहिला तर कॅल्शियम थोडे जास्त येऊ शकते. एकदा किंचित वाढलेले आले म्हणून घाबरू नये, ते पुन्हा पाहावे. त्याबरोबर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील एक प्रथिन, अवश्य तपासावे, कारण रक्तातील कॅल्शियमचा मोठा हिस्सा त्याला चिकटलेला असतो. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके कमी, तितक्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून खरा आकडा काढतात. अशक्त, अंगावर सूज असलेल्या माणसाचे ९.८ हे प्रत्यक्षात १०.८ असू शकते.

पॅराथायरॉइड संप्रेरक नाजूक आहे. शक्यतो ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यावे आणि नमुना थंड ठेवून लवकर वेगळा करावा. दुपारी उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या नमुन्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. कॅल्शियमचे आणि या संप्रेरकाचे रक्त एकाच वेळी घेतलेले असावे, कारण अर्थ दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच लागतो. कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथी गप्प बसते आणि संप्रेरक खाली जाते. कॅल्शियम ११.६ असताना संप्रेरक 'नॉर्मल' दिसले तरी ते नॉर्मल नव्हे. हे वाक्य मला एका जुन्या डॉक्टरांनी शिकवले आणि तेव्हापासून असे दोन आकडे एकत्र दिसले की मी रिपोर्ट देण्यापूर्वी फोन करतो.

शेवटची गोष्ट ड जीवनसत्त्वाची. आपल्याकडे ऊन रग्गड असूनही ते पुष्कळांत कमी असते, आणि ते कमी असले की वाढलेले कॅल्शियम झाकले जाऊ शकते. लघवीतील २४ तासांचे कॅल्शियमही बहुधा मागवतात, कारण काही घराण्यांत कॅल्शियम वाढलेले असूनही लघवीत फारच कमी उतरते. तो निराळा आणि बहुधा निरुपद्रवी प्रकार आहे, त्यात मानेची शस्त्रक्रिया करायची नसते.

पांझरेची_लेक

माहेर धुळ्याचे. हा धागा दोन दिवस नुसता वाचत होते, आज लिहिते.

आमच्या आईला संकष्टीचा उपवास असे. चंद्रोदय उशिरा असला की संध्याकाळपासून तिचे बोलणे बदलत जाई. घाम फुटे, डोळे एका जागी लागत, कधी ती आम्हाला ओळखत नसे. शेजारच्या आजी म्हणत की तिच्या अंगात येते, आणि खरे सांगायचे तर आम्ही तिला नमस्कारही करत असू. प्रसादाचा मोदक पोटात गेला की ती दहा मिनिटांत पूर्ववत होई, त्यामुळे देवाचाच प्रकार आहे याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती. पुढे पहाटेही तसे होऊ लागले. एका डॉक्टरांनी फिट्सच्या गोळ्या दिल्या, त्या तिने तीन वर्षे घेतल्या. अखेरीस एका पहाटे भावाने शेजाऱ्यांचे मधुमेहाचे यंत्र आणून बोटाचे रक्त तपासले. साखर अवघी ३८ होती, आणि आईला मधुमेहाची कोणतीही गोळी चालू नव्हती.

मुंबईला दाखल करून, उपाशी ठेवून साखर व इन्सुलिन एकाच वेळी मोजण्यात आले. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ निघाली. त्याच वेळी कॅल्शियमही वाढलेले आढळले आणि तेथे हे एमईएन-१ नाव आम्ही प्रथम ऐकले. गाठ काढल्यानंतर आईला पुन्हा कधी तसे झाले नाही. संकष्टी मात्र तिने आता सुनेकडे सोपवली आहे.

माझी गोष्ट निराळी आहे. लग्नानंतर माझी पाळी बंद झाली, चार वर्षे वंध्यत्वाचे उपचार चालले, आणि मूल नसताना दूध येते हे मी लाजेपोटी कोणाला सांगितले नव्हते. आईच्या निदानानंतर माझे रक्त तपासले तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, फार वाढलेले निघाले. पोष ग्रंथीत आठ मिलिमीटरची गाठ होती. शस्त्रक्रिया लागली नाही. आठवड्यातून दोनदा कॅबरगोलिनची गोळी घेऊन पाळी सुरू झाली, आणि आता मला एक मुलगा आहे. एकच जनुक, पण आईला स्वादुपिंड आणि मला पोष ग्रंथी, असे का, हे मला कोणी नीट सांगितले नाही.

तापीतीर

ताई, आपण लिहिलेत ते फार मोलाचे आहे, विशेषतः दुधाविषयी. रुग्ण ते सांगत नाहीत आणि आम्ही विचारायला विसरतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की या जनुकातील हजाराहून अधिक निरनिराळे बदल आजवर नोंदले गेले आहेत, पण अमुक बदल म्हणजे अमुक ग्रंथी असा मेळ लागत नाही. सख्ख्या भावंडांत एकच बदल असूनही आजार निराळा दिसतो. म्हणूनच आईला जे झाले तेवढेच मुलात शोधून चालत नाही.

गिरणाकाठ

माझे रिपोर्ट आले. मला आजवर एकही खडा झालेला नाही, तरी कॅल्शियम १०.८ आणि संप्रेरक ८४ आहे. हाडांची घनता मोजली तेव्हा मनगटाजवळच्या हाडात ती कमी भरली. जनुकीय तपासणीत भावाचाच बदल माझ्यात निघाला. मी ४३ वर्षांचा आहे आणि परवापर्यंत स्वतःला या गोष्टीचा निवेदक समजत होतो.

मोठी मुलगी १९ वर्षांची आहे, धाकटा ११ वर्षांचा. त्यांची तपासणी करावी का, यावर घरात एकमत होत नाही.

सातपुडा_पायथा

भाऊ, स्पष्ट बोलतो. मुलीचे लग्न व्हायचे आहे. आपल्या समाजात सोयरीक जुळवताना पत्रिकेपेक्षा दवाखान्याची फाइल आधी वाचली जाते. कागदावर नाव आले की ते पुसता येत नाही. तिला काही त्रास नाही, मग थांबायला काय हरकत आहे?

पांझरेची_लेक

दादा, माझ्या लग्नात कोणतीही फाइल नव्हती. चार वर्षे सासरी जे ऐकले ते फाइल नसल्यामुळे ऐकले. याहून अधिक येथे लिहीत नाही.

तापीतीर

दोन्ही बाजू समजतात, तरी वैद्यकीय हिशेब मांडतो. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. घरातील बदल नेमका माहीत असल्याने मुलांची तपासणी अचूक होते. बदल नाही असे निघाले तर त्या मुलाला आयुष्यभर वार्षिक रक्त आणि ठरावीक वर्षांनी एमआरआय यांतून पूर्ण सुटका मिळते. हे बहुतेक जण लक्षातच घेत नाहीत. बदल असेल तर नजर ठेवणे लहानपणापासून सुरू होते, कारण क्वचित इन्सुलिनची गाठ दहा वर्षांच्या आतही आढळते. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा निर्णय तिचा असावा, आणि तपासणीपूर्वी जनुकीय समुपदेशकाशी तिची स्वतंत्र भेट व्हावी.

तुमच्यापुरते सांगायचे तर १०.८ला लगेच शस्त्रक्रिया करतातच असे नाही. हाडे आणि मूत्रपिंडे पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही तंबाखू ओढत असाल तर मात्र आज बंद करा. या आजारात छातीतील थायमस ग्रंथीत क्वचित होणारी गाठ घातक असते आणि ती मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत आढळते.

गिरणाकाठ

चार महिन्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. बिड्या त्याच दिवशी सुटल्या.

भावाची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. एक ग्रंथी काढण्याचा पहिला सल्ला आम्ही मानला नाही हे बरे झाले, कारण मान उघडल्यावर चारही ग्रंथी वाढलेल्या निघाल्या. स्कॅनमध्ये दिसलेली बोराएवढी होती. बाकीच्या तीन तिच्याहून लहान, पण निरोगी एकही नव्हती. शल्यविशारदांनी दोन पर्याय आधीच समजावले होते : साडेतीन ग्रंथी काढून अर्धी मानेत ठेवायची, किंवा चारही काढून एकीचे बारीक तुकडे हाताच्या स्नायूत रोवायचे, म्हणजे पुढे ते वाढलेच तर मान पुन्हा उघडावी लागत नाही. भावाच्या बाबतीत दुसरा पर्याय ठरला. थायमसचा वरचा भागही त्याच छेदातून काढला.

तुकडे रुजेपर्यंत शरीरात संप्रेरक जवळजवळ नसते, ही गोष्ट आम्हाला ऐकून माहीत होती, पण पाहणे निराळे. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, संध्याकाळी बोटे आखडली आणि शिरेतून कॅल्शियम द्यावे लागले. आठ दिवसांनी घरी आलो तेव्हा दिवसाला कॅल्शियमच्या आठ गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाचे तयार औषध चालू होते. आता दोन गोळ्या उरल्या आहेत. आवाज शाबूत आहे.

मुलीने स्वतःहून तपासणी करून घेतली. तिच्यात बदल नाही. धाकट्याचे रक्त दिवाळीनंतर द्यायचे आहे. आत्याचे कॅल्शियम ११.२ निघाले, दोन वर्षांपूर्वी नुसती उंबऱ्याला अडखळून तिचे मनगट मोडले होते.

नळी_आणि_सुई

भाऊ, तुकडे कोणत्या हातात रोवले आहेत? विचारण्याचे कारण असे की त्या हातातून रक्त घेतले तर तेथल्या शिरेत संप्रेरक थेट उतरत असल्याने आकडा भलताच जास्त येतो. लॅबवाल्याला हे माहीत नसेल तर आजार परत आला असे समजून तुमची धावपळ होईल.

गिरणाकाठ

डाव्या. मागच्या महिन्यात चाळीसगावला त्याने सवयीने डावाच हात पुढे केला होता आणि संप्रेरक ३१० आले. आम्ही दोन रात्री झोपलो नाही. आज तुमचे वाचून उजव्या हाताचे पुन्हा करवून घेतले. ३४ आले. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर मुलीने लाल शाईने लिहून ठेवले आहे : रक्त फक्त उजव्या हातातून घ्यावे.